मंजूर ओळ

"काढायला सही लागत नाही, घालायला पाच लागतात," असं सुखदेव रामटेके एकदा म्हणाले होते. आवाजात तक्रार नव्हती. आज बस उशिरा आली हे सांगावं तितक्याच कोरडेपणाने ते म्हणाले, आणि डबा उघडून जेवायला बसले.

ज्या केंद्रात त्यांनी सदतीस वर्षं नोकरी केली त्याचं पूर्ण नाव सांगून उपयोग नाही. तिथल्या लोकांनाही ते पाटी वाचल्याशिवाय सांगता येत नसे. काम मात्र एका वाक्यात मावणारं होतं. वरच्या बंधाऱ्यातून यमुनेत सोडलेलं पाणी, वाटेतले नाले, पाऊस, या सगळ्याची बेरीज करून दोन दिवसांनी दिल्लीतल्या जुन्या पुलाखाली पाणी किती चढेल ते सांगायचं. तो आकडा जिल्हा कार्यालयात जाई. तिथून भोंगा लावलेली एक जीप खादरात, म्हणजे नदीच्या पूरपट्ट्यात, उतरे आणि नदीकाठी भाजी पिकवणाऱ्या, म्हशी पाळणाऱ्या लोकांना सांगे, की उठा, सडकेवर या. किंवा सांगे, की बसा, पाणी इथवर येत नाही.

रामटेके मूळचे पवनीचे, वैनगंगेकाठचे. ते सात वर्षांचे असताना गावात दवंडी पिटली होती की पाणी पायरीपर्यंत येईल. त्यांची आई गंगुबाई पायरीच्या वर चूल मांडून भाकरी थापत राहिली. पाणी पायरी चढून आत आलं आणि मायलेक दोन दिवस कणगीवर बसून राहिले. दवंडी पिटणारा वाईट नव्हता. त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने ओरडून सांगितलं. रामटेके ही गोष्ट फारशी काढत नसत. काढली तर शेवटी एवढंच म्हणत, "चूक एका पायरीची होती."

१९९७ साली त्यांनी हा अंदाज काढणारा प्रोग्राम लिहिला, फोरट्रान नावाच्या, तेव्हाही म्हातारी समजल्या जाणाऱ्या भाषेत. अकरा हजार ओळी. असा प्रोग्राम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. कम्पायलर नावाचा दुसरा एक प्रोग्राम त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. त्या कम्पायलरला हाक मारायची एक ओळ असते, आणि ओळीच्या शेपटाला काही सूचना जोडता येतात. त्यांना ऑप्शन म्हणतात. रामटेक्यांच्या ओळीत चार ऑप्शन होते. शेवटचा होता आर-आठ.

आर-आठचा अर्थ असा, की प्रत्येक आकड्याला साठवायला दुप्पट जागा द्या. तो नसला तर यंत्र मोठ्या आकड्यांचे पुढचे सातेक अंक लक्षात ठेवतं आणि मागचे सोडून देतं. चारशे कोटीत शंभर मिळवा. यंत्र म्हणतं, चारशे कोटी. पुन्हा शंभर मिळवा; पुन्हा चारशे कोटी. एकेका नाल्याचं पाणी असं येत राही आणि बेरजेत कुठेच दिसत नसे. लहान आकडा मोठ्याजवळ गेला की नाहीसा होतो हे शोधायला रामटेक्यांना तीन महिने लागले. दिल्लीत येऊन त्यांना तेव्हा नऊ वर्षं झाली होती. खरं तर तिथे राहून हे कळायला इतका वेळ लागायला नको होता.

आर-आठ जोडल्यावर प्रोग्रामचा आकडा पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीशी जुळू लागला.

पुढच्या वर्षी तपासणीला एक अधिकारी आले. त्यांनी विचारलं, इथे नेमकं काय चालवलं जातं. रामटेक्यांनी अकरा हजार ओळींचे दोन गठ्ठे समोर ठेवले. अधिकाऱ्यांनी ते बोटाने मागे सारले आणि एका पानात मावेल असं काहीतरी मागितलं. एका पानात मावत होती ती फक्त कम्पायलरला हाक मारायची ओळ. ती टाइप झाली, फायलीत लागली, तिच्याखाली पाच सह्या झाल्या. तेव्हापासून केंद्रात मंजूर होती ती एवढी एक ओळ. प्रोग्राम कुणी मंजूर केला नाही, नामंजूरही केला नाही.

सत्तावीस वर्षं हे असं चाललं. मग या वर्षीच्या एप्रिलमध्ये नवं यंत्र आलं.

यंत्राबरोबर ठेकेदार कंपनीचा इंजिनियर आला, चिराग. तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, गाझियाबादहून मेट्रोने येणारा, आणि कुठल्याही अडचणीवर आधी हसणारा. नव्या यंत्रावर कम्पायलरही नवा होता. चिरागने मंजूर ओळ फायलीतून बघून टाइप केली. कम्पायलरने उत्तर दिलं की आर-आठ नावाचा ऑप्शन आपल्या ओळखीचा नाही, आणि काम थांबवलं.

चिरागने आर-आठ पुसला आणि ओळ पुन्हा चालवली. चार सेकंदांत प्रोग्राम तयार.

"हो गया, सर."

"क्या हो गया?" रामटेक्यांनी विचारलं.

"जो नहीं हो रहा था."

रामटेक्यांनी दोन वर्षांपूर्वीच्या पुराची नोंद काढून प्रोग्रामला दिली. जुन्या यंत्राने तेव्हा काढलेला आकडा पट्टीशी सेंटिमीटरपर्यंत जुळला होता. नव्याने काढलेला एकवीस सेंटिमीटर कमी आला. त्यांनी तो कागदावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि उपसंचालकांच्या खोलीत गेले.

उपसंचालक जयदीप केतकर पुण्याचे. वयाने रामटेक्यांहून बारा वर्षांनी लहान. खोलीत दोघंच असले तर मराठीत बोलत, तिसरा आला की वाक्याच्या मध्यावर हिंदीत शिरत. दर जानेवारीत मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जाई, तेव्हा केतकर पुढच्या सीटवर उभे राहून माइकवरून लढाई सांगत. यमुनेला पाणी होतं, शत्रू पार होणार नाही असं आपले लोक धरून चालले, आणि तो बागपतला पार झाला. इथे ते थांबत. एका वर्षी मागच्या सीटवरून रामटेक्यांनी विचारलं होतं, "पाणी किती होतं?"

"बरंच होतं."

"बरंच म्हणजे किती?"

बस हसली होती. केतकरांनी ते मनात ठेवलं नव्हतं, असं ते पुढे दोन-तीनदा म्हणाले.

आता त्यांनी कागद पाहिला. "रामटेके, एकवीस सेंटिमीटर. एवढ्यावर अडायचं?"

"खाटेचा अर्धा पाय असतो, साहेब."

"कुणाच्या खाटेचा?"

"खादरातल्या."

"बरं. पण जुनं यंत्र बरोबर आणि नवं चूक, हे कशावरून? नवं सातपट वेगवान आहे."

"जुन्याचा आकडा पुलावरच्या पट्टीशी जुळत होता."

"आणि पट्टी बरोबर आहे हे कशावरून? तिच्या तपासणीचा कागद आहे?"

पट्टीवर नदी स्वतः चढली होती; पण तिची सही कुठे नव्हती.

"त्या आर-आठच्या जागी दुसरा काहीतरी असेल ना," केतकर समजुतीने म्हणाले. "शोधा. टिपण करा. मी पुढे पाठवतो. ओळीत नवं काही घालायचं तर तांत्रिक समिती लागते. ती सप्टेंबरात बसते."

"आणि काढायचं तर?"

"काढलं कुणी? कम्पायलरने नाकारलं. आपण फक्त नोंद घेतली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अठ्ठावीस जूनला सचिव येताहेत यंत्राच्या उद्‌घाटनाला. तीसला तुमची रिटायरमेंट. शेवटच्या महिन्यात कशाला हे ओढवून घेता? चांगलं नाव आहे तुमचं."

सप्टेंबरात बैठक ठेवण्यात तसा समंजसपणा होता. तोवर पूर येऊन गेलेला असे आणि समितीला निवांतपणे बोलता येई.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये त्या संध्याकाळी रामटेक्यांनी हे सगळं मुलीला सांगितलं. दीपमाला पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली होती आणि आता नोएडात सॉफ्टवेअरमध्ये होती. तिने चहा टाकला होता. तो उकळायच्या आत तिने फोनवर पाहून विजेच्या बिलाच्या पाठीवर एक लांबलचक ऑप्शन लिहून दिला.

"बाबा, हे तर एकदम कॉमन आहे, यार. तुमचा आर-आठ दुसऱ्या कंपनीच्या कम्पायलरचा. यात काम तेच, नाव वेगळं. हा घाला आणि सोडून द्या."

"घालता येत नाही."

"का? पासवर्ड नाही तुमच्याकडे?"

"मंजुरी नाही. सप्टेंबरात मिळेल. तोवर पाणी ओसरलेलं असेल."

"ओसरलेलं मतलब?"

"आलेलं परत गेलेलं."

"तुम्ही त्याच्या आधी ओसरणार आहात," स्वयंपाकघरातून कुसुमावती म्हणाल्या. "तीस तारखेला. त्या नदीचं पुढे काय ते पुढचे बघतील."

"पुढचा कोणी नेमलेला नाही," रामटेके म्हणाले.

दीपमाला बिलाचा कागद उलटसुलट करत होती. "एक मिनिट. फायलीत फक्त ही एक ओळ आहे? प्रोग्राम नाही?"

"मावला नाही."

"म्हणजे प्रोग्रामच्या आत तुम्ही काहीही बदललं तरी..."

रामटेक्यांनी कप खाली ठेवला. सत्तावीस वर्षं ते ज्या ओळीची राखण करत होते तिच्या पलीकडचं सगळं मैदान मोकळं होतं. जे काम बाहेरून एका ऑप्शनने होत होतं ते आतून, प्रत्येक आकड्याजवळ जाऊन, हाताने करता येणार होतं.

"अकरा हजार ओळी आहेत," ते म्हणाले.

"मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून देते. दोन मिनिटांत सगळे बदलेल."

"नको. ती काय बदलेल आणि काय सोडेल, ते मला पुन्हा वाचावंच लागेल. मग एकदाच वाचतो."

"चलो, ठीक आहे." तिने बिलाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "पण मग कुणाला सांगू नका, बाबा. आत बदल केला हे कळलं तर म्हणतील, हा पण समितीपुढे ठेवा. आणि तोवर जुनी कॉपी परत टाकतील. मग पुन्हा तुमचे ते एकवीस सेंटिमीटर."

"ते कळलं मला."

"आणि तुम्ही बरोबर होतात, हे कुणालाच कळणार नाही. चालेल?"

"आकडा बरोबर आला की झालं," रामटेके म्हणाले. ती बारा जून होती. बारा जूनला हे म्हणणं सोपं होतं.

त्यांनी टिपण केलं, बिलाच्या पाठीवरचा ऑप्शन त्यात नीट उतरवला, आणि ते रीतसर सप्टेंबरच्या दिशेने रवाना झालं. मग ते कामाला लागले. जिथे जिथे आकड्यासाठी जागा मागितलेली होती तिथे तिथे दुप्पट जागा मागायची. प्रोग्राममध्ये लिहिलेल्या प्रत्येक दशांशामागे डी आणि शून्य लावायचं, नाहीतर तो आकडा लहानच राहतो. वर्गमूळ, लॉगरिदम, जुन्या नावांनी बोलावलेल्या सगळ्या क्रिया तपासायच्या. रोज बारा-तेराशे ओळी, दहा ते सहा, मध्ये जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी. ऑफिसात बसून, ऑफिसच्या वेळेत, सगळ्यांच्या समोर. खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाकडे तिथे कुणाचं लक्ष जात नसे.

तीन हजारांच्या आसपास त्यांना आपलीच एक टीप सापडली: हा नाला उन्हाळ्यात कोरडा, पण विसरू नये. ती त्यांनी तशीच ठेवली.

सव्वीस तारखेला त्यांनी बदललेला प्रोग्राम नव्या यंत्रावर ठेवला. चिरागने मंजूर ओळ चालवली, आर-आठ वगळून, चार सेकंदांत. मग त्याने स्क्रीनकडे मान तिरकी करून पाहिलं.

"सर, फाइल थोड़ी मोटी हो गई है."

"कमेंट डाले हैं."

"इतने?"

"जाते-जाते आदमी बोलता है थोड़ा."

चिराग हसला. "आप? सर, आपको तो मैंने तीन महीने में चाय में चीनी के लिए भी बोलते नहीं सुना." त्याने फाइल उघडली नाही. उघडायचं काम त्याच्या ठेक्यात नव्हतं.

अठ्ठावीस जूनला सचिव आले. फीत कापली गेली. दोन वर्षांपूर्वीचा पूर नव्या यंत्राला देण्यात आला आणि पडद्यावर आकडा आला. पट्टीवरच्या आकड्याशी सेंटिमीटरपर्यंत तोच. सचिवांनी मान डोलावली. केतकरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि रामटेक्यांकडे असं पाहिलं, जसं चोरीचा आळ घेणाऱ्याकडे निर्दोष सुटलेला माणूस पाहतो.

नंतर खोलीत ते म्हणाले, "बघा. तुमच्या आर-आठशिवाय जुळलं. तेव्हा काहीतरी सेटिंग चुकलं असणार. उगाच दोन आठवडे माझा जीव टांगलात."

"जुळलं, साहेब," रामटेके म्हणाले.

"सप्टेंबरसाठीचं टिपण मागे घेऊ. आणि एक छोटी नोंद, प्रभारी म्हणून तुमची सही." त्यांनी कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की चाचणीअंती प्रोग्रामला सदर ऑप्शनची आवश्यकता नसल्याचे निदर्शनास आले आहे.

रामटेक्यांनी ते दोनदा वाचलं. शोधलं तरी त्यात चूक सापडत नव्हती. परवापासून ते अक्षरशः खरं होतं. काढायला सही लागत नाही असं म्हणणाऱ्या माणसाने खिशातून पेन काढलं आणि सही केली. खाली तारीख घातली.

तीस तारखेला चार वाजता बैठकीच्या खोलीत निरोप समारंभ झाला. समोसे, गुलाबजाम, कागदी प्लेटा. कुसुमावती मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी अर्धी रजा काढून आलेली दीपमाला. शाल झाली, नारळ झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं. मग केतकरांनी कागदात गुंडाळलेली एक फ्रेम पुढे आणली.

"रामटेकेजी को और क्या दें," ते माइकवर म्हणाले. "जो उन्होंने हमें दिया, वही."

फ्रेममध्ये मंजूर ओळ होती. जाड कागदावर, निळ्या अक्षरांत, सोनेरी कडेच्या आत. पाच सह्यांचीही छायाप्रत होती. ऑप्शन तीन होते.

टाळ्या झाल्या. केतकर रंगात आले होते. रामटेकेजींची निष्ठा, रामटेकेजींचा डबा, रामटेकेजींची वेळ. मग म्हणाले, की यांचा एकच दोष, एखाद्या गोष्टीला धरलं की सोडायचे नाहीत. आत्ताच पाहा, एका ऑप्शनसाठी दोन आठवडे सगळं केंद्र थांबवून ठेवलं होतं, आणि शेवटी निघालं काय, तर त्याची गरजच नव्हती. सत्तावीस वर्षं नव्हती. "हम मराठी लोगों की आदत है. एक बात पकड़ के बैठ जाते हैं. पानिपत में भी यही हुआ." खोली मनापासून हसली. केतकरांच्या आवाजात कसलाही डंख नव्हता. ते कौतुकच करत होते.

दीपमालाची मान ताठ झाली. तिने काही बोलायला तोंड उघडलं आणि वडिलांकडे पाहून मिटलं. कुसुमावती मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या. मागे भिंतीला टेकून उभा असलेला चिराग फ्रेमकडे बघत होता. त्याने आधी ओळ वाचली असावी, मग ती जाड झालेली फाइल आठवली असावी. हातातला समोसा तसाच राहिला. त्याने रामटेक्यांकडे पाहिलं, आणि तीन महिन्यांत प्रथमच तो आधी हसला नाही.

"अब रामटेकेजी दो शब्द कहेंगे," केतकर म्हणाले आणि माइक पुढे केला.

रामटेके उठले. शाल एका खांद्यावरून घसरली होती, ती त्यांनी सारखी केली. माइक हातात घेतला. पडद्याशेजारी भिंतीवर त्या दिवसाचा अंदाज लावलेला होता: वरून पाणी सुटलंय, परवा सकाळी पुलाखाली इतके मीटर इतके सेंटिमीटर. नवं यंत्र, मंजूर ओळ, पाच अंकी आकडा. दुपारीच तो जिल्हा कार्यालयात गेला होता. जीप एव्हाना खादरात उतरली असेल आणि कुणाला तरी उठा म्हणत असेल.

फार काही बोलायचं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. माइकवरून बोललेलं वाक्य इतिवृत्तात जातं, इतिवृत्त फायलीत जातं, फाइल सप्टेंबरपर्यंत थांबते, आणि तोवर यंत्रावर जुनी कॉपी परत येते.

त्यांनी भिंतीवरचा तो आकडा मनातल्या मनात शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत वाचला. मग माइक टेबलावर आडवा ठेवला, तो गडगडू नये म्हणून त्याला नारळ टेकवला. फ्रेम काखेत धरली, खुर्चीखालची डब्याची पिशवी उचलली, केतकरांना हात जोडले, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, कुणाचा पाय लागणार नाही असं बघत, दारातून बाहेर निघून गेले.